ज्याला नवीन काहीच आठवत नव्हतं, त्याच्यामुळेच ‘आठवण’ म्हणजे काय ते जगाला कळलं

२५ डिसेंबर २००८. आमिर खानचा ‘गजनी’ थिएटरला लागला. अंगभर गोंदवून घेतलेला, खिशात पोलरॉइडचे फोटो घेऊन फिरणारा आणि दर पंधरा मिनिटांनी सगळं विसरणारा संजय सिंघानिया पब्लिकला तुफान आवडला. गल्लोगल्ली पोरांनी त्याच्यासारखे केस कापून घेतले. ‘शॉर्ट टर्म मेमरी लॉस’ हा शब्द घराघरात पोचला आणि चावी विसरणाऱ्याला ‘तुझा गजनी झालाय’ म्हणायची पद्धत पडली.

त्याच्या तीनच आठवडे आधी, २ डिसेंबरला, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ८२ वर्षांचा एक माणूस वारला. बायको नाही, मुलंबाळं नाहीत, नावावर काही नाही. पण मानसशास्त्र शिकलेल्या जवळपास प्रत्येकाला तो माहीत होता. फक्त त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पुस्तकांत त्याची ओळख दोनच अक्षरांची होती, एच. एम. तो गेल्यावर नाव जाहीर झालं: हेन्री गुस्ताव मोलायसन.

पंचावन्न वर्षं या माणसाच्या डोक्यात नवी आठवण टिकली नव्हती. आणि गंमत म्हणजे त्याची शॉर्ट टर्म मेमरी अगदी ठणठणीत होती. म्हणजे आपण सगळे जो शब्द ‘गजनी’मुळे शिकलो, तोच मुळात उलटा आहे. तो कसा, हे समजायला आधी हेन्रीचं काय झालं ते बघावं लागेल.

दोन भोकं आणि एक प्रयोग

हेन्रीचा जन्म १९२६ चा. लहानपणी सायकलची धडक बसून त्याच्या डोक्याला मार लागला होता. दहाव्या वर्षाच्या आसपास त्याला बारीक फिट्स यायला लागल्या. काही क्षण नजर शून्यात जायची आणि मग तो परत भानावर यायचा. पंधराव्या वाढदिवशी आईवडिलांबरोबर गाडीतून जाताना पहिली मोठी फिट आली. फिट्स त्या अपघातामुळे आल्या की घराण्यातून, हे कधीच नक्की झालं नाही, कारण वडिलांच्या नात्यातही काहींना हा त्रास होता.

पुढे तो टाइपरायटर बनवणाऱ्या अंडरवुड कंपनीत कामाला लागला, पण फिट्स वाढतच गेल्या. औषधांचे मोठमोठे डोस चालू होते, उपयोग शून्य. सत्ताविसाव्या वर्षी काम करणंही अवघड झालं तेव्हा घरचे त्याला घेऊन हार्टफर्ड हॉस्पिटलच्या डॉ. विल्यम स्कोव्हिल यांच्याकडे गेले.

स्कोव्हिल नावाजलेले न्यूरोसर्जन होते. तो काळ लोबोटॉमीचा होता. मानसिक आजार बरा करायला मेंदूचा भाग कापायचा, असं तेव्हा राजरोस चालायचं, आणि स्कोव्हिल यांनीही अशी बरीच ऑपरेशन्स केली होती. हेन्रीच्या फिट्स मेंदूत नेमक्या कुठून उठतात ते तपासणीत सापडलं नव्हतं. तरी त्यांनी ठरवलं की कानामागे, मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना असलेला भाग काढून बघू.

ऑगस्ट १९५३ मध्ये ऑपरेशन झालं. भूल फक्त डोक्याच्या कातडीला दिलेली, हेन्री जागा होता. भुवयांच्या वर दोन भोकं पाडली, मेंदूचा पुढचा भाग हलकेच वर उचलला आणि नळीनं आतला भाग ओढून काढला. त्यात दोन्हीकडच्या ‘हिप्पोकॅम्पस’चा मोठा हिस्सा गेला. हा भाग दिसतो समुद्रघोड्यासारखा, म्हणून ते ग्रीक नाव. तो नेमकं काय काम करतो, हे तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. हे ऑपरेशन उघड उघड प्रायोगिक होतं, असं स्कोव्हिल यांनी पुढे स्वतःच्याच शोधनिबंधात लिहिलं.

फिट्स खरंच कमी झाल्या. पण हेन्रीला हॉस्पिटलमधली माणसं ओळखू येईनात, बाथरूमचा रस्ता सापडेना. तो घरी आला. काही महिन्यांनी कुटुंब त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या घरात राहायला गेलं, तर हा रोज जुन्याच घराकडे वळायचा. काल गवत कापलं ते मशीन कुठे ठेवलंय, हे आज त्याला सांगता यायचं नाही. तेच मासिक तो पुन्हापुन्हा वाचायचा आणि दर वेळी त्याला ते कोरं करकरीत वाटायचं.

रात्रीच्या ट्रेननं येणारी बाई

आता जरा थांबून त्या काळात शास्त्रज्ञांना काय वाटत होतं ते बघू, नाहीतर पुढच्या गोष्टीतला धक्का कळणार नाही.

अमेरिकेत तेव्हा वर्तनवाद्यांचं राज्य होतं. मन दिसत नाही, मग त्याचा अभ्यास कसा करणार? दिसतं ते वागणं, तेवढंच मोजा, असा खाक्या. मेंदूच्या बाजूनं बघावं तर कार्ल लॅशली या शास्त्रज्ञानं आयुष्यभर उंदरांना भुलभुलैया शिकवला, मग त्यांच्या मेंदूचे वेगवेगळे भाग कापून आठवण कुठे असते ते शोधलं. ती एका जागी सापडलीच नाही. कुठलाही भाग कापा, जितका जास्त कापाल तितकं जास्त विसरतात, एवढंच दिसलं. १९५० मध्ये त्यानं जवळपास हात टेकले. भाषेसाठी मेंदूत ठराविक जागा आहे हे फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्येच दाखवलं होतं, पण आठवण मात्र सगळीकडे पसरलेली आहे, असाच समज पक्का झाला.

तिकडे कॅनडातल्या माँट्रियलमध्ये ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ वाइल्डर पेनफिल्ड या प्रसिद्ध सर्जनबरोबर काम करत होत्या. पेनफिल्ड यांच्या दोन रुग्णांची स्मृती ऑपरेशननंतर अशीच गेली होती, आणि त्यांचा तर एकाच बाजूचा भाग काढला होता. दोघांनी त्यावर एक टिपण सादर केलं. ते वाचून स्कोव्हिल यांनी पेनफिल्ड यांना कळवलं: माझ्याकडेही असाच एक रुग्ण आहे.

मिल्नर रात्रीची ट्रेन पकडून हार्टफर्डला आल्या. एप्रिल १९५५ मधली ही गोष्ट. त्यांनी हेन्रीला तारीख विचारली. तो म्हणाला, मार्च १९५३. वय विचारलं तर म्हणाला, सत्तावीस. ऑपरेशनच्या आधीच त्याचं कॅलेंडर थांबलं होतं.

पण बाकी माणूस अगदी व्यवस्थित. बोलणं नीट, विनोदबुद्धी शाबूत, वागणं सभ्य. शब्दकोडी सोडवायची त्याला भारी हौस. आयक्यू ऑपरेशनच्या आधी १०४ होता, तो आता ११२ आला! म्हणजे बुद्धी, भाषा, स्वभाव सगळं जागेवर, गेली ती फक्त एक गोष्ट. असं कापून वेगळं काढल्यासारखं काही कुणी पाहिलं नव्हतं. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा शोधनिबंध आला आणि आठवण तयार व्हायला मेंदूतला एक ठराविक भाग लागतो, हे मान्य करावं लागलं.

त्याच सुमारास मानसशास्त्रातही वारं बदलत होतं. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवलं की माणूस एका वेळी डोक्यात साधारण सातच गोष्टी धरू शकतो. मन म्हणजे काळी पेटी नव्हे, आत काय चाललंय याचा अंदाज प्रयोगातून बांधता येतो, असं म्हणणाऱ्यांची फळी तयार झाली. १९६७ मध्ये उलरिक नाइसर यांच्या पुस्तकानं या शाखेला नावच देऊन टाकलं: कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी, म्हणजे बोधनिक मानसशास्त्र. मन कसं चालतं ते एकीकडे आणि मेंदू कसा चालतो ते दुसरीकडे, अशा दोन वाटा होत्या. त्या जिथे एकमेकींना मिळाल्या, तिथे हेन्री बसलेला होता.

आरशातला तारा

मिल्नर यांनी एक साधा प्रयोग केला. कागदावर एक चांदणी, तिच्या कडेला दुहेरी रेघ. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. अट एकच, कागदाकडे थेट बघायचं नाही, हात फक्त आरशात दिसणार. घरी करून बघा. डावं-उजवं ठीक असतं, पण पुढे-मागे उलटं होतं आणि पेन्सिल प्रत्येक कोपऱ्यावर भरकटते. सराव केला की हळूहळू जमतं.

हेन्रीनं तीन दिवस, रोज दहा वेळा चांदणी काढली. दर दिवशी त्याला सगळं नव्यानं समजावून सांगावं लागायचं, कारण हे आपण कधी केलंय हे त्याला आठवतच नव्हतं. पण चुका मात्र रोज कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं झकास चांदणी काढली आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. हे अवघड जाईल असं वाटलं होतं, पण बरं जमलं की, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला.

हा क्षण मोठा आहे. डोकं म्हणतंय, ‘मी हे कधीच केलं नाही.’ हात म्हणतोय, ‘मला येतं.’ म्हणजे आठवण ही एक गोष्ट नाहीच.

शास्त्रज्ञांना हे मांडायला पुढे बरीच वर्षं लागली. १९८० मध्ये नील कोहेन आणि लॅरी स्क्वायर यांनी ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ अशी फोड केली. मराठी बोलणाऱ्याला मात्र हे ऐकून फार आश्चर्य वाटायला नको. भाकरी थापणाऱ्या बाईला आपण ‘तिला आठवतं’ म्हणत नाही, ‘तिचा हात बसलाय’ म्हणतो. पाढे ‘पाठ’ असतात, सायकल ‘अंगवळणी’ पडते, परवाचं लग्न ‘आठवतं’. तीन वेगळे शब्द आहेत, आणि मेंदूतही हा कारभार वेगवेगळ्या खात्यांकडे आहे. हात बसण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या तळाशी खोल असलेले गाठींसारखे भाग आणि मागचा लहान मेंदू करतात. हेन्रीचे ते भाग ऑपरेशनमध्ये कापले गेले नव्हते.

एक तिसरं खातंही आहे. १९११ मधली जिनेव्हाची गोष्ट. एदुआर क्लापारेद या डॉक्टरांकडे अशीच सगळं विसरणारी एक रुग्ण होती. त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. टाचणी टोचली, बाई थोड्या वेळात विसरली. पुढच्या वेळी त्यांनी हात पुढे केल्यावर तिनं आपला मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. भीतीची नोंद वेगळ्या वहीत होते. (आज असा प्रयोग कुणी केला तर त्याची नोंद थेट पोलिसांच्या वहीत होईल, पण तो काळ वेगळा होता.)

मग ‘गजनी’त चुकलं काय?

मिल्नर यांनी एकदा हेन्रीला एक आकडा लक्षात ठेवायला सांगितला, ५८४. पंधरा मिनिटांनी विचारलं, तर त्यानं बरोबर सांगितला! कसं काय? तो म्हणाला, सोपं आहे, आठ लक्षात ठेवायचा. ५, ८ आणि ४ ची बेरीज १७. त्यातून आठ गेले, राहिले नऊ. नऊचे दोन भाग करा, पाच आणि चार. झाले ५८४. म्हणजे एवढा वेळ तो मनातल्या मनात हेच घोकत बसला होता. त्यानंतर विषय बदलला, आणि थोड्याच वेळात आकडा तर गेलाच, पण आपल्याला कुठला आकडा दिला होता हेही गेलं.

म्हणजे घड्याळ पंधरा मिनिटांचं नव्हतंच. लक्ष जोवर तिथे आहे तोवर गोष्ट डोक्यात राहायची. लक्ष हटलं की पाटी कोरी. शॉर्ट टर्म मेमरी ही अशी हातात धरून ठेवायची गोष्ट आहे, आणि हेन्रीचा हात मजबूत होता. त्याच्याकडे नव्हतं ते कपाट, म्हणजे हातातली वस्तू जिथे जपून ठेवायची ती सोय. डॉक्टर याला ‘अँटेरोग्रेड ॲम्नेशिया’ म्हणतात, म्हणजे घटनेनंतरचं काहीच न टिकणं. ‘शॉर्ट टर्म मेमरी लॉस’ म्हणणं म्हणजे कपाट मोडलेल्या माणसाला हात नाही म्हणण्यासारखं आहे.

‘गजनी’ला एका गोष्टीचे मार्क द्यायला हवेत. त्यातला संजय विसरतो, पण मारामारी विसरत नाही. हात बसलेला असतो.

जुनं आठवतं, सकाळचं नाही

हेन्रीला १९२९ चा शेअर बाजाराचा कोसळा माहीत होता, दुसरं महायुद्ध माहीत होतं, शाळेतले मित्र आठवत होते. तेराव्या वर्षी छोट्या विमानातून मारलेली चक्कर तो रंगवून सांगायचा. कपाट मोडलं तर जुनं सामान कसं राहिलं?

याचं आज बऱ्यापैकी मान्य असलेलं उत्तर असं आहे. नवी आठवण घडवताना हिप्पोकॅम्पस मध्यस्थाचं काम करतो. पाहिलेलं, ऐकलेलं, वास, जागा, माणसं हे सगळं मेंदूत वेगवेगळीकडे नोंदलं जातं आणि हिप्पोकॅम्पस त्यांची मोट बांधतो. मग दिवस, महिने, वर्षं जातात तसतसे ते भाग आपसातच जोडले जातात आणि मध्यस्थाची गरज कमी होते. हे काम झोपेत जोरात चालतं. दिवसा भुलभुलैयात फिरलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये झोपेत त्याच पेशी पुन्हा एकत्र जाग्या होतात, हे १९९४ मध्ये दिसलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काढलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

यात एक बारकावा आहे. हेन्रीला जुन्या गोष्टी ‘माहीत’ होत्या, पण अमुक दिवशी अमुक घडलं अशी स्वतःची, चित्रासारखी आठवण त्याच्याकडे अगदीच मोजकी होती. एंडेल टुलविंग यांनी १९७२ मध्ये हाच फरक मांडला होता, ज्ञान वेगळं आणि आपल्यावर गुदरलेला प्रसंग वेगळा. अंगावरचे प्रसंग आठवायला हिप्पोकॅम्पस कायमच लागतो का, यावर अजून वाद चालू आहे.

आणि हे काही अमेरिकेतल्या एका माणसापुरतं नाही. अल्झायमरमध्ये बहुधा सर्वात आधी मार बसतो तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागाला. म्हणून आजी १९७२ च्या दुष्काळातली सुकडी कशी होती ते सांगते आणि सकाळची गोळी घेतली का, ते पाच वेळा विचारते. घरच्यांना वाटतं, ‘मेलं जुनं सगळं बरं लक्षात राहतं, मग हेच कसं विसरते?’ नाटक करते, हट्ट करते, असे आरोप होतात. ती खोटं बोलत नसते. ‘अगं आत्ताच सांगितलं ना’ हे वाक्य तिच्या कामाचं नाही, कारण ‘आत्ताच’ कुठे साठलेलंच नाही. त्याऐवजी वारांची खानं असलेली गोळ्यांची डबी, ठरलेली जागा, ठरलेली वेळ यांचा उपयोग जास्त होतो. रोज तेच केल्यानं सवय लागण्याचा रस्ता बराच काळ उघडा असू शकतो. आणि घरात कुणाला असं वारंवार व्हायला लागलं तर वय झालं म्हणून सोडून न देता डॉक्टरला दाखवावं. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता यांसारखी उपचार होण्याजोगी कारणंही त्यामागे असू शकतात.

माणूस की नमुना?

हेन्रीचं आयुष्य कसं होतं, हे मात्र पाठ्यपुस्तकांत फार येत नाही. आवडते काका वारल्याचं ऐकून तो कोसळायचा आणि पुन्हा कधी कळलं की पुन्हा तितकाच. एकदा जेवण झाल्यावर काही मिनिटांतच त्याच्यापुढे दुसरं ताट ठेवलं, तेही त्यानं संपवलं. पोट भरल्याची, दुखल्याची जाणीवही त्याला नीट होत नसे. पुढे तो नर्सिंग होममध्ये राहिला.

सुझन कॉर्किन यांनी १९६२ पासून तो जाईपर्यंत त्याचा अभ्यास केला. सेहेचाळीस वर्षं! तरी प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्याच, फार तर शाळेत कधी पाहिल्यासारख्या वाटायच्या. एमआयटीत जवळपास शंभर संशोधकांनी त्याच्यावर प्रयोग केले. त्याची कधी कुरकुर नसायची. माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला मदत होत असेल तर चांगलंच, असं तो म्हणायचा.

पण मिनिटाभरात विसरणारा माणूस संमती देतो म्हणजे काय देतो? १९९२ मध्ये कोर्टानं त्याचा पालक नेमला. स्कोव्हिल यांचेच नातू ल्यूक डिट्रिच यांनी २०१६ मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की हेन्रीचे सख्खे चुलत-मावस नातलग हयात असताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कॉर्किन यांनी कागदपत्रं नष्ट केल्याचाही त्यांनी आरोप केला. कॉर्किन त्याच वर्षी, पुस्तक यायच्या आधी वारल्या होत्या. एमआयटीनं आरोप फेटाळले, दोनशेच्या आसपास शास्त्रज्ञांनी कॉर्किन यांच्या बाजूनं पत्र लिहिलं. कागदपत्रांचा वाद बाजूला ठेवला, तरी संमतीचा प्रश्न त्या पत्रानं मिटला नाही. स्कोव्हिल यांना श्रेय द्यायचं तर एवढंच, की मिल्नर यांच्याबरोबर त्यांनी परिणाम लपवला नाही आणि दोन्ही बाजूंचं असं ऑपरेशन करू नका, असं ते इतर सर्जनना सांगत राहिले.

हेन्री गेल्यावर बरोबर एक वर्षानं, २ डिसेंबर २००९ ला, सॅन डिएगोमध्ये याकोपो अनेसे यांच्या प्रयोगशाळेत त्याचा गोठवलेला मेंदू कापायला घेतला. काम ५३ तास चाललं, प्रत्येकी ७० मायक्रॉनचे, म्हणजे साधारण केसाइतके पातळ २,४०१ काप निघाले. ते इंटरनेटवर लाइव्ह दाखवलं आणि सुमारे चार लाख लोकांनी पाहिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. हिप्पोकॅम्पसचा मागचा बराच भाग त्याच्या डोक्यात शिल्लक होता. गेला होता तो मुख्यतः त्याच्याकडे माहिती आणणारा शेजारचा भाग, म्हणजे कपाटाकडे जाणारा दरवाजा. डाव्या बाजूला पुढच्या मेंदूवर एक व्रणही सापडला, ज्याची आधी कुणाला कल्पना नव्हती. त्या व्रणाला किती महत्त्व द्यायचं यावरून अनेसे आणि कॉर्किन यांचं बिनसलं, आणि हेन्रीचा मेंदू पुढे सॅन डिएगोहून डेव्हिस इथल्या विद्यापीठात हलवण्यात आला.